शुक्रवार, पाचच्या आत

माझी खोली तळघरात, बॉयलरच्या शेजारी.
विस्कॉन्सिनच्या उत्तरेला मार्च म्हणजे
बुटांबरोबर आत येणारा खारट चिखल
आणि दुसऱ्या वर्षाची मुलं,
प्रत्येकाच्या हातात तोच फॉर्म,
त्यात एकच रिकामा रकाना: मुख्य विषय.

एकोणीस वर्षं मी या खुर्चीत आहे.
संगणकावरची चाचणी निम्म्या मुलांना सांगते,
अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे व्हा.
ब्रॉडी क्रूगर खो खो हसला होता.
आता तो तेच करतो, मन लावून.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते कधीकधी.

गाओ नू वांग गुरुवारी आली.
वडील म्हणतात फार्मसी.
आई म्हणते, वडील म्हणतात ते.
घरची शेती जिनसेंगची:
चार वर्षं काळ्या कापडाच्या सावलीत मूळ पोसायचं,
मग उपटायचं, आणि त्या मातीत
पुन्हा जिनसेंग लावायचं नाही. येतच नाही.
हे तिनं सहज सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं.
मी मात्र दचकले.
आमची पदवीही चारच वर्षांची.

मी ठेवणीतला प्रश्न काढला:
काय करताना तुला जेवायची आठवण राहत नाही?
बराच वेळ गेला. मग म्हणाली, एक वही आहे.
कुठल्या वाफ्यात मूळ आधी कुजलं,
पाऊस किती, उतार कुठल्या अंगाला,
सातवीपासून लिहितेय.

झालं! मला कोण आनंद.
मृदाशास्त्र, वनस्पतींचे रोग, मॅडिसनची शिष्यवृत्ती,
बोटाला थुंकी लावून मी पानं उलटत सुटले.
तिनं मला संपवू दिलं.
मग म्हणाली,
"कुणीतरी लिहायलाच हवं होतं, म्हणून लिहिलं.
तुम्ही माझं घरकाम उचललंत
आणि त्याला माझी आवड म्हणालात."

बॉयलर धडधडून थांबला.

मी नर्सिंग सोडलं होतं, मग लेखाशास्त्र.
इथे आले ते एका आजारी बाईच्या जागी,
सहा आठवड्यांपुरती.
मुलांना हे मी सांगत नाही. तिला सांगितलं.
"मग तुम्हाला कळलं कधी?"
"दर शुक्रवारी कळतं," मी म्हटलं,
"सोमवारी पुन्हा शंका येते."

मुदतवाढीच्या कागदावर कारणाच्या चौकटी तीन:
आजारपण, कुटुंब, पैसा.
मी समासात लिहिलं, शोधते आहे,
आणि खाली सही ठोकली.
तिला म्हटलं, तीन माणसं गाठ.
पगार विचारू नकोस, तो छापलेला असतो.
विचार, दुपारचं कुठे खाता, कुणाबरोबर,
आणि कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कुठला.

एप्रिलात आली ती गुडघ्यापर्यंत भिजून.
औषधवाले गृहस्थ उभ्यानं खातात,
फोन मान आणि खांद्यात धरून.
कोर्टात साक्षी टिपणारी बाई खातच नाही,
सकाळी ऐकलेलं दुपारपर्यंत गळ्याशी असतं म्हणाली.
तिसरी काउंटीची जमीन मोजणारी, लोरेन शुल्झ,
पिकअपच्या मागच्या फळीवर बसते,
अर्धं सँडविच कुत्र्याचं.

"तिनं मला खांब धरायला दिला.
नुसता सरळ धरायचा,
काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत.
कंटाळवाणा भाग तोच, म्हणाली.
बुटात बर्फाचं पाणी शिरलं होतं.
मला कळलं ते गाडीत बसल्यावर."

माझा हात आपोआप कॅटलॉगकडे गेला.
"थांबा," ती म्हणाली, "अजून काही लिहू नका.
शनिवारी पुन्हा बोलावलंय तिनं."

हात मी मागे घेतला.
तिचे मोजे बॉयलरच्या पाइपावर वाळत घातले.
पावणेदोन वाजले होते,
माझा डबा तसाच होता.
दोघींनी मिळून उघडला.